तीर्थन खोऱ्यात ट्राउट गरवायला जाताना

कोकणातल्या खाडीकाठी गरवणारे, धरणाच्या पाण्यावर गळ टाकून तासन्‌तास बसणारे, महाशीरसाठी कावेरीपर्यंत जाऊन आलेले हौशी लोक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांतल्या अनेकांना कधी तरी फ्लाय फिशिंगची ओढ लागते. हलका रॉड, पिसांची इवलीशी माशी, डोंगरातलं थंड पाणी आणि त्यात वाढलेला ट्राउट. त्यासाठी न्यूझीलंड किंवा स्कॉटलंड गाठायलाच हवं असं नाही. हिमाचल प्रदेशात, कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात हे सगळं आहे, आणि सोबतीला नदी जन्मापासून ओळखणारे गाइडही आहेत.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून घ्या. या सहलीची खरी कमाई म्हणजे पाणी वाचायला शिकणं. दिवस, लॉज, सामान आणि गाइड हे सगळं त्या हिशेबाने निवडलंत, तर एकही मासा लागला नाही तरी सहल वाया जात नाही.

नदी आणि मासा

तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बर्फाळ उंचीवर उगम पावते आणि गुशैणी, बंजार अशी उतरत लारजीला बियासमध्ये मिसळते. हे उद्यान २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आसपासच्या खोऱ्यांत जलविद्युत प्रकल्पांची रांग लागली असताना तीर्थन मोकळी वाहते, यामागे स्थानिकांचा मोठा लढा आहे. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब त्यात पुढे होते. राज्य सरकारने या नदीवर प्रकल्प न घेण्याचा निर्णय घेतला आणि म्हणूनच इथे आजही गळ टाकता येतो.

इथला ब्राउन ट्राउट मुळात हिमालयातला नाही. इंग्रज अमदानीत ट्राउटची अंडी बोटीने काश्मीरला आणण्याचे प्रयत्न झाले. पहिली खेप वाटेतच खराब झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली अंडी जगली आणि श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी ती वाढवली. तिथून १९०९ च्या सुमारास हा मासा कुल्लूत आला. तेव्हापासून तो इथल्या ओढ्या-नद्यांत स्वतःची वीण घालतो आहे. मत्स्यव्यवसाय विभाग हॅचरीतली बोटुकली अधूनमधून नदीत सोडतो, पण नदीतच जन्मून मोठा झालेला मासा वेगळा ओळखू येतो. त्याचे पर अखंड आणि टोकदार असतात, अंगावर काळे-तांबडे ठिपके ठसठशीत दिसतात, आणि तो अतिशय सावध असतो.

या माशामुळे मूळच्या माशांवर ताण आला, हेही ठाऊक असायला हवं. इथला स्नो ट्राउट नावाला ट्राउट असला तरी रोहू-कटल्याच्या कुळातला आहे आणि तो खरा इथला रहिवासी. गळाला स्नो ट्राउट लागला तर तो हमखास, जपून सोडून द्या.

कधी जावं

ट्राउटला थंड आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याची दमछाक होते. तीर्थनमध्ये उष्णतेपेक्षा गढूळपणाची अडचण मोठी आहे. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो. त्या काळात इथे मासेमारीचा बेत आखूच नये. पाणी चहासारखं होतं, दरडी कोसळतात, रस्ते बंद पडतात. जुलै २०२३ मध्ये कुल्लू जिल्ह्यात पुराने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

उरतात दोन खिडक्या. पहिली मार्च ते मेची सुरुवात, दुसरी सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. मार्चमध्ये पाणी इतकं गार असतं की मासे तळाशी सुस्त असतात, त्यामुळे दुपारचे चार तास महत्त्वाचे. एप्रिलमध्ये किडे उडू लागतात आणि मासा वर येऊन खातो. नवशिक्याने एप्रिल निवडावा. ऑक्टोबरमध्ये पाणी काचेसारखं नितळ असतं. तेव्हा मासा दिसतो, पण त्यालाही आपण दिसतो.

१ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, कारण हा त्यांच्या विणीचा हंगाम. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर उथळ पाण्यातल्या खडीवर बारीक नजर ठेवा. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. शेवाळलेल्या तळात एखादाच भाग धुतल्यासारखा उजळ दिसला, तर तिथे पाऊल टाकू नका आणि तिथल्या माशांवर माशीही टाकू नका.

पोहोचणं आणि लॉज निवडणं

मुंबई-पुण्याहून दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत विमान अथवा रेल्वे, तिथून मनालीकडे जाणारी रात्रीची बस, आणि बोगद्याच्या आधी औटला उतरणं हा सर्वांत भरवशाचा मार्ग. औटहून लारजी, बंजार करत टॅक्सीने गुशैणी गाठता येतं. भुंतरला विमानतळ आहे, पण डोंगरातली हवा बिघडली की विमान रद्द होतं. म्हणून परतीच्या प्रवासात एक दिवस हाताशी ठेवा.

गुशैणी आणि आसपास राहायची ठिकाणं लहान आणि घरगुती आहेत. काही लॉज नदीपलीकडे आहेत आणि तिथे तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यात बसून नदी ओलांडावी लागते. सोबत वयस्कर माणसं असतील तर हे आधीच विचारून घ्या. मोबाइलची रेंज सगळीकडे नसते आणि वीज जाते. जेवणात राजमा-भात, तूप सोडलेला वाफाळता सिड्डू आणि घरची भाजी मिळते. ट्राउट खायची इच्छा असेल तर खोऱ्यातल्या मत्स्यशेतीतला रेनबो ट्राउट मागा. तो त्यासाठीच वाढवलेला असतो. नदीतला सोडून द्या.

खोली ठरवण्याआधी लॉजवाल्याला पुढचे प्रश्न स्पष्ट विचारा.

- एका गाइडबरोबर किती जण असतील? नवशिक्यासाठी एकास एक उत्तम, दोन चालतील, तिघे नकोत.
- गाइड फ्लाय फिशिंग शिकवतो की फक्त जागा दाखवतो? स्पिनर (पाण्यात फिरणारं धातूचं आमिष) टाकणारे गाइड पुष्कळ आहेत, माशी टाकायला शिकवणारे त्यामानाने कमी.
- रॉड, वेडर (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) आणि बूट लॉजकडे आहेत का, आणि बूट माझ्या मापाचे आहेत का?
- पाणी गढूळ झालं तर उपनद्यांवर नेण्याची सोय आहे का? मुख्य नदी गढूळलेली असतानाही पलाचन खड्डसारखे प्रवाह कधी कधी आधी निवळतात.
- प्रथमोपचाराचं साहित्य कोण बाळगतं?

या प्रश्नांना मोघम उत्तरं आली तर दुसरं ठिकाण पाहा.

परवाना आणि हद्द

परवान्याशिवाय गळ टाकणं गुन्हा आहे. मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना दिवसावर मिळतो. बंजार-गुशैणी वाटेवर नगिनीला विभागाचं ट्राउट केंद्र आहे, तिथे चौकशी करा. बहुतेक लॉजही परवाना काढून देतात. तो स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खिशात असू द्या. शुल्क, ठेवून घेता येणाऱ्या माशांची संख्या आणि किमान लांबी यांचे नियम बदलत असतात, म्हणून परवान्यामागचा मजकूर वाचा.

राष्ट्रीय उद्यानाच्या आत मासेमारीला बंदी आहे. गुशैणीहून वर चालत गेलं की उद्यानाची वेस लागते. गाइड ‘चला जरा वर’ म्हणाला तरी वेशीपाशी थांबा. शिवाय काही डोह गावच्या देवाचे मानले जातात. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले मासे जसे आपल्याकडे कोणी धरत नाही, तसाच प्रघात हिमाचलातही आहे. जोगिंदरनगरजवळच्या मच्छियालला महाशीरची पूजा होते. तेव्हा कुठल्याही देवळालगतच्या डोहावर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय रॉड उघडू नका.

सामान

तीर्थनसारख्या मध्यम नदीला नऊ फुटी, ४ किंवा ५ नंबरचा रॉड पुरतो. त्याला तरंगणारी लाइन, नऊ फुटांचा निमुळता लीडर (लाइन आणि माशी यांना जोडणारा दोरा) आणि त्याच्या टोकाला बांधायचा बारीक दोरा, म्हणजे ४एक्स व ५एक्स टिपेट. रीळ साधं चालेल, कारण इथे माशाला लांब पळायला जागा नसते.

माश्यांचा मोठा डबा नेऊ नका. वर तरंगणाऱ्यांत ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, पाण्याखाली जाणाऱ्यांत हेअर्स इअर आणि फेझंट टेल, आणि गढूळ पाण्यासाठी काळा वूली बगर. प्रत्येकी पाच-सहा, १२ ते १६ नंबरच्या. यांतली फेझंट टेल फ्रँक सॉयर या इंग्लंडमधल्या नदीरक्षकाने बनवली. फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. दोऱ्याऐवजी तार वापरल्याने ती पटकन बुडते. तीर्थनच्या वेगवान पाण्यात याच गुणाचा उपयोग होतो. प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. हे काम घरीच करून ठेवा, काठावर विसरायला होतं.

बाकी यादी छोटी आहे. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा (त्याने डोळ्याचं गळापासूनही रक्षण होतं), टोपी, रबरी जाळीचं नेट, लोकरीचे मोजे, वाऱ्या-पावसाचं जाकीट आणि मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे. पांढरा आणि भगवा शर्ट घरी ठेवा. वेडर आणि बूट विमानात नेणार असाल तर आधी पूर्ण वाळवा. एका नदीचे रोगजंतू ओल्या सामानातून दुसऱ्या नदीत जातात.

घरून करायचा सराव

गाइडचा पहिला दिवस फेकायला शिकण्यात घालवणं परवडत नाही. निघण्याआधी महिनाभर, आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास मैदानावर सराव करा. लीडरच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा.

नेहमीच्या गळात शिसं पुढे जातं आणि दोर मागून ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये माशीला वजनच नसतं. इथे जाड लाइन हेच वजन, आणि तीच माशीला नेते. म्हणून लाइन मागे गेल्यावर ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं आणि मगच रॉड पुढे आणायचा असतो. बहुतेकांचं बिघडतं ते या थांब्यात. मान वळवून मागे पाहा, लाइन ताठ झालेली दिसली की पुढे या. मनगट घट्ट, कोपर अंगाजवळ, आणि रॉडचं टोक घड्याळातल्या दहा ते एकच्या दरम्यान.

तीर्थनला तीस फुटांच्या पलीकडे फेकायची वेळ क्वचितच येते. वीस फुटांवर ठेवलेल्या ताटलीत लोकरीचा तुकडा दहातून सहा वेळा पडू लागला, की तुम्ही तयार आहात.

गाइडबरोबरचा दिवस

चांगला गाइड काठावर आल्याबरोबर रॉड जोडत नाही. आधी पाण्याकडे पाहत उभा राहतो. तुम्हीही उभे राहा. मग तो घोटाभर पाण्यात उतरून एक दगड उलटा करतो. ही दोन मिनिटं चुकवू नका. दगडाच्या ओल्या पोटाला चपटे, करडे किडे चिकटलेले असतात आणि शेपटीच्या जागी त्यांना केसांसारखे दोन-तीन तंतू असतात. ते मेफ्लायचे बाल्यकीटक. शेजारी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून बनवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळी दिसते. तिच्या एका टोकातून इवलं काळं डोकं बाहेर येतं. ती कॅडिसची अळी. माशाचं जेवण हेच. डब्यातली कोणती माशी बांधायची हे त्या दगडावरून ठरतं. आकार आधी जुळवा, रंग नंतर. काम झालं की दगड होता तसाच, अलगद ठेवा.

त्यानंतर मासा कुठे असेल ते ओळखायचं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याला कमी कष्टात जास्त खाणं हवं आणि लपायला आडोसा हवा. या तीन गोष्टी एकत्र येतात अशा जागा शोधा: मोठ्या शिळेमागचं संथ पाणी, शिळेपुढची उशीसारखी फुगवटी, वेगवान आणि संथ धारेच्या मधली रेघ, पाण्याने पोखरलेला काठ, आणि डोह संपून पाणी पुन्हा उथळ होतं ती जागा. पहिल्या तासात गाइडला फेकायला जागा विचारू नका. स्वतः बोट दाखवा, ‘इथे असेल का? का?’ असं विचारा आणि त्याचं उत्तर ऐका. दिवसाअखेर त्याच्या आधी तुम्ही जागा ओळखू लागलात, तर गाइडचे पैसे वसूल झाले.

मासा वरच्या बाजूला पाहत असतो, म्हणून आपण खालून वर सरकायचं. वाका, सावली पाण्यावर पडू देऊ नका, खडी करकरवू नका. पाण्यात उतरण्याआधी काठालगतचं पाणी आधी गरवा. नवखा माणूस मधल्या धारेकडे जाण्याच्या घाईत पायाशी असलेला मासा पळवून लावतो.

माशी पडल्यावर ती प्रवाहाबरोबर मोकळी वाहिली पाहिजे. लाइन वेगवान धारेत आणि माशी संथ पाण्यात असेल तर लाइन माशीला ओढते, आणि खरा किडा असा ओढला जात नाही हे माशाला कळतं. यासाठी लाइन पाण्यावर पडताच रॉडचं टोक उचलून तिचं वेटोळं प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचं. शिळांमधल्या छोट्या डबक्यात तर रॉड उंच धरून जवळजवळ सगळी लाइन पाण्याबाहेरच ठेवायची. तीर्थनवर ही पद्धत सर्वांत उपयोगी पडते.

पाण्याखालची माशी मासा ओढून नेत नाही, फक्त तोंडात घेतो आणि थुंकतो. लीडरवर बांधलेला रंगीत तुकडा वाहता वाहता क्षणभर अडखळतो, एवढीच खूण मिळते. दगडाला अडकलं असेल असं वाटलं तरी रॉड उचला. हिसका नको, मनगटाने नुसता ताण द्या.

एका जागी पाच-सहा चांगल्या फेकी झाल्या आणि काही झालं नाही, तर पुढे चला. ट्राउटच्या नदीवर माणूस चालता हवा.

मासा लागल्यावर

रॉड वाकलेला ठेवा, दोर ढिला सोडू नका, आणि शक्य तितक्या लवकर मासा नेटमध्ये घ्या. लांबवलेल्या झुंजीत मासा इतका थकतो की सोडल्यावरही मरतो. नेट पाण्यातच राहू द्या. हात ओले करूनच स्पर्श करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. कल्ल्यांत बोट घालू नका, पोट दाबू नका. काटा सपाट केलेला असेल तर गळ चिमट्याने सहज निघतो. खोल गिळला असेल तर टिपेट कापून टाका.

फोटो हवा असेल तर आधी कॅमेरा तयार ठेवायला सांगा, मग मासा पाण्यालगत उचला. तुम्ही स्वतः श्वास रोखून धरा, तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही पाण्यात जायचं आहे. सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे ठेवून संथ पाण्यात हलकेच धरा. तो स्वतःच्या ताकदीने हातातून निसटला की सोडणं पूर्ण झालं.

पाण्यातली सुरक्षितता

बर्फाचं पाणी हातपाय काही मिनिटांत बधिर करतं. मांडीच्या वर पाण्यात जाऊ नका. प्रवाहाकडे तोंड करून, काठी रोवून, एका वेळी एकच पाऊल टाका. वेडरचा कमरपट्टा नेहमी आवळलेला हवा, नाहीतर पडल्यावर आत पाणी भरतं. पडलातच तर वेगवान पाण्यात उभं राहण्याची धडपड करू नका, कारण पाय दगडात अडकून माणूस पाण्याखाली दाबला जातो. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि हाताने काठाकडे सरका.

वर कुठे पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही पाणी चढतं. पाण्यात पाचोळा वाढला, रंग बदलला, किंवा आवाज जड झाला, की त्याच क्षणी काठावर या. गाइडने ‘बाहेर’ म्हटलं तर शेवटची एक फेक करत थांबू नका.

निघण्यापूर्वी

किमान तीन दिवस नदीवर मिळतील असा बेत करा. पहिला दिवस पाण्याची ओळख करून घेण्यात जातो, दुसऱ्या दिवशी हात बसतो, तिसऱ्या दिवशी खरी मजा येते. गाइडला बक्षिसी त्याच्या शिकवण्यावरून द्या, माशांच्या संख्येवरून नको. संख्येवर पैसे मिळू लागले की गाइड गिऱ्हाइकाला विणीच्या जागांवर नेऊ लागतो. तुटलेलं टिपेट खिशात घालून परत आणा, कारण काठावर पडलेल्या नायलॉनमध्ये धोबी पक्ष्याचे पाय अडकतात.

तीर्थन मोकळी राहिली ती तिथल्या लोकांनी ती मोकळी राहावी म्हणून आवाज उठवल्यामुळे. त्यांच्या घरात राहा, त्यांचा गाइड घ्या, परवान्याचे पैसे भरा आणि ट्राउट पाण्यात परत सोडा. जिवंत नदीतून गावाला उत्पन्न मिळत राहिलं, तर ती नदी राखणं गावालाही सोपं जाईल. एप्रिलचा बेत असेल तर चौकशीचा फोन जानेवारीतच करा. चांगले गाइड मोजकेच आहेत आणि त्यांचे दिवस लवकर भरतात.